जनरेटरला वर्षातून एकदा खोटा लोड द्या

मुंबईतल्या पुष्कळ सोसायट्यांत आठवड्यातून एकदा वॉचमन तळघरात जातो, डीजीची, म्हणजे डिझेल जनरेटरची, किल्ली फिरवतो, 10 मिनिटं इंजिन धडधडू देतो आणि बंद करून रजिस्टरमध्ये ‘ओके’ लिहितो. लिफ्ट आणि पंप त्या वेळी नेहमीच्याच विजेवर चालू असतात, म्हणजे जनरेटरवर लोड शून्य. बॅटरी आणि स्टार्टर ठीक आहेत एवढं यातून कळतं, ते कळायलाच हवं. पण ‘इंजिन फिरतं राहिलं म्हणजे चांगलं राहतं’ ही त्यामागची समजूत डिझेल इंजिनाच्या बाबतीत उलटी आहे. ते बिनलोडचं जितकं जास्त चालवाल, तितकं आतून बिघडत जातं.

मुंबईची अडचण अशी की इथे वीज सहसा जातच नाही. त्यामुळे डीजीला खरं काम मिळत नाही आणि त्याची परीक्षा थेट आणीबाणीतच होते. 12 ऑक्टोबर 2020 ला सकाळी दहाच्या सुमारास शहराची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. बाहेरचं ग्रिड कोसळलं तर शहर वेगळं काढून वाचवायचं, ही आपली व्यवस्था त्या दिवशी टिकली नाही. अशा वेळी तळघरातल्या यंत्राने तासन् तास ओढायचं असतं, तेही कोविड वॉर्ड भरलेले असताना.

दुसरी गोम डीजीच्या आकारात आहे. आगीचा पंप थेट सुरू केला तर क्षणभर पाच-सहापट प्रवाह ओढतो, म्हणून सेट मोठा घ्यावा लागतो. पुढे वीज गेली तरी प्रत्यक्षात चालतात ते जिन्यातले दिवे, एखादी लिफ्ट आणि पाण्याचा पंप. 500 केव्हीएच्या, म्हणजे 400 किलोवॅटपर्यंत देऊ शकणाऱ्या, सेटवर कसाबसा 40-50 किलोवॅटचा लोड येतो.

आता इंजिनाच्या आत जाऊ. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. पिस्टन हवेला तिच्या मूळ आकारमानाच्या साधारण सोळाव्या भागात कोंबतो, त्यामुळे ती 500 अंश सेल्सियसच्या आसपास तापते आणि तिच्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. पेटणं वेगळं आणि पूर्ण जळणं वेगळं. लोड नसताना गव्हर्नर, म्हणजे इंजिनाचा वेग सांभाळणारा भाग, अगदी थोडं डिझेल सोडतो, फवारा नीट फुटत नाही, सिलिंडरच्या भिंती गार असतात. भिंतीला लागलेले थेंब अर्धे जळतात, अर्धे तसेच राहतात.

पण खरी गंमत पिस्टनच्या रिंगमध्ये आहे. ही बिडाची, एका जागी कापलेली बांगडी पिस्टनच्या खाचेत बसते. स्वतःच्या ताणाने ती लायनरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीला, टेकते खरी, पण तो ताण अगदीच माफक असतो. एवढ्याने ज्वलनाचा वायू अडत नाही. वायूला अडवतो तो वायूच. स्फोटाचा दाब रिंगच्या वरून खाचेत शिरतो, रिंगच्या पाठीमागे जातो आणि तिला बाहेर, लायनरवर दाबून धरतो. आतून बसणाऱ्या झाकणाच्या कुकरमध्ये वाफच झाकण घट्ट करते, तसंच. पूर्ण लोडवर सिलिंडरमधला कमाल दाब शंभर-दीडशे बारपर्यंत जातो, तेव्हा रिंग चोख काम करते. बिनलोडचा दाब त्याच्या कितीतरी खाली असतो आणि रिंग नुसती टेकून राहते.

मग गळती दोन्ही बाजूंनी सुरू होते. काजळी आणि न जळलेलं डिझेल रिंगच्या फटीतून खाली उतरून ऑइल पातळ आणि काळं करतं. उलट दिशेने ऑइल वर चढतं आणि गार ज्वलनात अर्धवट भाजतं. लायनरच्या आतल्या भिंतीवर कारखान्यातच एकमेकांना छेदणारे बारीक ओरखडे मुद्दाम काढलेले असतात. ऑइलचा पातळ थर त्यांत टिकतो आणि रिंग त्यावर सरकते. भाजलेल्या ऑइलची लाखेसारखी पुटं याच ओरखड्यांत भरतात. लायनर आतून गुळगुळीत, चकचकीत होतो. पाहणाऱ्याला छान वाटतं, मेकॅनिक मात्र कपाळाला हात लावतो, कारण आता ऑइल टिकायला जागा नाही आणि रिंग बसायला धार नाही. इतकं झाल्यावर कितीही लोड दिला तरी उपयोग होत नाही. इंजिन खोलून लायनर पुन्हा होन करावा (ते ओरखडे नव्याने काढावे) लागतो किंवा बदलावा लागतो.

टर्बोचीही, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याचीही, तीच कथा. एक्झॉस्टमध्ये दम नसला की टर्बो हळू फिरतो, त्याच्या सीलच्या बाहेरच्या बाजूने पुरेसा दाब मिळत नाही आणि ऑइल एक्झॉस्टमध्ये पाझरतं. बिनलोड इंजिनाचा एक्झॉस्ट दीड-दोनशे अंशांच्या आसपास असतो, पूर्ण लोडवर तो साडेचारशे-पाचशेवर जातो. गार पाइपात न जळलेलं डिझेल, ऑइल, काजळी आणि पाण्याची वाफ मिळून काळा चिकट काढा तयार होतो. परळच्या एका टॉवरच्या तळघरात टर्बोनंतरच्या फ्लँजखाली (पाइपाच्या जोडाखाली) कुणीतरी पत्र्याचा डबा ठेवलेला मी पाहिला. तासांच्या मीटरवर जेमतेम 200 तास आणि डबा निम्मा भरलेला. ‘थोडं लीकेज आहे, पॅकिंग बदललं की होईल,’ असं तिथल्या सुपरवायझरने सांगितलं. पॅकिंग बिचारं निर्दोष होतं.

यावर बाजारात उपायांची कमी नाही. डिझेलच्या पाइपला बाहेरून बांधायचं चुंबक ‘इंधनाचे रेणू सरळ करतं’ म्हणून विकलं जातं. डिझेलच्या रेणूंना चुंबकाशी काहीही देणंघेणं नाही आणि ते सरळ होऊन करणार तरी काय? पॅनलवर टांगलेलं लिंबू-मिरची निदान स्वस्त तरी असतं. दसऱ्याला डीजीला झेंडूची माळ घालायलाही माझी हरकत नाही, फक्त ती दुसऱ्या दिवशी रेडिएटरच्या जाळीवरून काढा.

खरा उपाय म्हणजे इंजिनाला तापेपर्यंत काम देणं. इमारतीत तेवढं काम नसेल तर बाहेरून आणायचं, आणि ते आणणारं यंत्र म्हणजे लोड बँक. एका पेटाऱ्यात निक्रोमच्या कॉइलच्या रांगा, त्यांवर हवा मारणारा जोरदार पंखा आणि 5, 10, 25, 50 किलोवॅटच्या टप्प्यांनी रांगा जोडणारे कॉन्टॅक्टर. वीज घ्यायची आणि उष्णता करून फेकून द्यायची, एवढंच तिचं काम. रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये इंजिन दुरुस्तीनंतर ‘लोड बॉक्स’वर तपासतात, तो हाच प्रकार. जुने मेकॅनिक मिठाच्या पाण्याच्या टाकीत लोखंडी पत्रे सोडूनही लोड देत. पण 100 किलोवॅटला तासाला साधारण दीडशे लिटर पाण्याची वाफ होते आणि उघड्या टाकीत 415 व्होल्ट असतात. तो उद्योग आता बंद झालेला बरा.

भाड्याने बँक मागवताना तिची पाटी वाचा. कॉइलची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. 480 व्होल्टसाठी बनवलेली 400 किलोवॅटची परदेशी बँक आपल्या 415 व्होल्टवर जोडली तर 415 भागिले 480 याचा वर्ग, म्हणजे सुमारे 0.75. हाती 300 किलोवॅटही पुरते येत नाहीत. रिपोर्टवर मात्र ‘100 टक्के लोड’ असं ठोकून दिलेलं असतं.

इथे थोडं किचकट आहे, पण टाळता येत नाही. केव्हीए म्हणजे व्होल्ट आणि अँपिअरचा गुणाकार, किलोवॅट म्हणजे त्यातला प्रत्यक्ष काम करणारा भाग, आणि दोघांचं गुणोत्तर म्हणजे पॉवर फॅक्टर. 500 केव्हीएचा सेट 0.8 पॉवर फॅक्टरला 400 किलोवॅट देतो. इंजिनाला फक्त किलोवॅट कळतात, म्हणून नुसत्या कॉइलच्या बँकेवर इंजिनाची पूर्ण परीक्षा होते. अल्टरनेटरला, म्हणजे वीज तयार करणाऱ्या भागाला, मात्र केव्हीए सोसावे लागतात. कॉइलवर 400 किलोवॅट घेतले तर फेजला सुमारे 556 अँपिअर वाहतात, खऱ्या 0.8 च्या लोडवर 695. शिवाय मोटरसारख्या लोडचा मागे पडणारा प्रवाह रोटरचं (अल्टरनेटरच्या फिरत्या भागाचं) चुंबकक्षेत्र दुबळं करतो, ते भरून काढायला व्होल्टेज सांभाळणाऱ्या एव्हीआरला फील्डमध्ये जास्त प्रवाह ढकलावा लागतो आणि रोटरवरच्या फिरत्या डायोडची कसोटी तिथे लागते. तीही घ्यायची तर बँकेत कॉइलबरोबर असा मागे पडणारा प्रवाह ओढणारे सुमारे 300 केव्हीएआरचे रिअ‍ॅक्टर हवेत. हॉस्पिटल आणि डेटा सेंटरने ते मागावेत. सोसायटीला साधी बँक पुरते.

किती वेळ चालवायचं? अमेरिकेच्या एनएफपीए 110 या आणीबाणीच्या जनरेटरसाठीच्या मानकात दर महिन्याला किमान 30 टक्के लोडवर अर्धा तास चालवा, किंवा उत्पादकाने सांगितलेल्या एक्झॉस्ट तापमानापर्यंत न्या, असं म्हटलं आहे. ते जमत नसेल तर वर्षातून एकदा 50 टक्क्यांवर अर्धा तास आणि लगेच 75 टक्क्यांवर एक तास. ते मानक आपल्यावर बंधनकारक नाही, पण वापरायला सोपं आहे. 400 किलोवॅटच्या सेटला या दीड तासात 400 युनिट होतात, म्हणजे 110 लिटरच्या आसपास डिझेल. लिटरला 90 रुपये धरले तर 10,000 रुपयांच्या घरात. यावर सोसायटीच्या सभेत हमखास वाद होतो, आणि लायनर बदलायचा खर्च कुणी विचारत नाही.

क्रम चुकवायचा नाही. आधी मेन आणि डीजी एकमेकांत मिसळणार नाहीत याची कुलूप लावून खात्री, मग बँकेचा पंखा योग्य दिशेने फिरतोय का ते पाहणं (दोन फेज उलटे लागले तर तो उलटा फिरतो), मग लोड टप्प्याटप्प्याने. बँकेच्या तोंडासमोर गाडी, झाड किंवा डीजीचा रेडिएटर नको. 300 किलोवॅटची उष्णता सेकंदाला दीड-दोन घनमीटर हवेला दीडशे अंशांनी तापवते. पहिली वीस-पंचवीस मिनिटं धुराड्यातून काळे पापुद्रे उडतात, म्हणून वरच्या मजल्यांना वाळत घातलेले कपडे आधीच काढायला सांगा. शेवटी लोड उतरवून इंजिन पाच मिनिटं बिनलोडचं चालवायचं, म्हणजे टर्बो निवतो, आणि कॉइल गार होईपर्यंत बँकेचा पंखा थांबवायचा नाही.

बँकेलाही देखभाल लागते, मुंबईत जास्तच. खारी दमट हवा चिनीमातीच्या इन्सुलेटरवर ओलसर थर धरते, पावसाळ्यात मेगरवर (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या यंत्रावर) रीडिंग घसरतं. अशी बँक थेट पूर्ण व्होल्टेजवर जोडू नये, आधी वाळवावी आणि पुन्हा मेगर लावावा. प्रत्येक टप्प्याचा रोध तिन्ही फेजना मोजून जुळवावा. 100 किलोवॅटच्या स्टार जोडणीच्या टप्प्याला फेजला 1.72 ओहम यायला हवेत, एखाद्या फेजला जास्त आले तर तिथली कॉइल तुटलेली आहे. लग (केबलच्या टोकाचे धातूचे जोड) घट्ट आहेत का ते हाताने नव्हे, टॉर्क पान्याने पाहावं. 139 अँपिअरच्या वाटेत ढिल्या लगमुळे 0.01 ओहम जरी वाढले तरी त्या एका नटाखाली 190 वॅटच्या वर उष्णता होते, आणि केबलचं इन्सुलेशन तिथूनच जळायला लागतं. हवेचा स्विच मुद्दाम पंखा बंद करून तपासावा, पंखा थांबल्यावर लोड आपोआप सुटला पाहिजे. नाही सुटला तर ती बँक गेटमधून परत पाठवा.

2023 पासून लागू झालेल्या सीपीसीबीच्या (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या) चार-प्लस निकषांमुळे बऱ्याच नव्या सेटच्या एक्झॉस्टमध्ये उत्प्रेरक आणि गाळण्या आल्या आहेत, आणि त्या पुरेशा तापल्याशिवाय काम करत नाहीत. म्हणजे बिनलोड चालवण्याचा तोटा नव्या सेटला आणखी जास्त. नवा सेट घेतलात तर लोड बँक जोडण्यासाठी वेगळा ब्रेकर आणि तळमजल्यावर केबल आणायची जागा तेव्हाच करून घ्या. नंतर भिंत फोडून ते काम करायला दुप्पट पैसे आणि तिप्पट परवानग्या लागतात.