दमा, मुलं आणि बेडरूममधलं झुरळ

अमेरिकेतल्या मोठ्या शहरांच्या जुन्या, गरीब मध्यवस्त्यांमधे (तिकडे इनर सिटी म्हणतात) मुलांना दमा इतका का छळतो असं विचारलं की बहुतेक जण गाड्यांचा धूर म्हणून मोकळे होतात. धूर आहेच. घरातली सिगरेट, वेळेआधी झालेला जन्म, सर्दीचे व्हायरस हेही खरं. पण या यादीतला मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो तो गडी म्हणजे झुरळ!

1997 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधे दमा असलेल्या 4 ते 9 वर्षांच्या 476 मुलांचा अभ्यास आला. साधारण 37 टक्के मुलांना झुरळाची ॲलर्जी निघाली, मांजराची 23 टक्क्यांना. निम्म्या बेडरूम्सच्या धुळीत झुरळाचे अंश भरपूर. आता गंमत बघा, नुसती ॲलर्जी किंवा घरात नुसती झुरळं, एवढ्याने फार बिघडत नव्हतं, दोन्ही एकत्र आलं की मात्र हॉस्पिटलमधे भरती व्हायचं प्रमाण थेट 3.4 पट.

असं का? झुरळाची विष्ठा, लाळ, अंगाचे तुकडे यातली प्रोटीन्स श्वासातून आत जातात. काही मुलांचं शरीर त्यांना शत्रू समजून आयजीई नावाच्या अँटिबॉडीज बनवतं आणि त्या श्वासनलिकेतल्या मास्ट सेल्सवर (शरीराच्या पहारेकरी पेशी) जाऊन बसतात. या टप्प्यावर त्रास काहीच नाही, फटाक्याला वात लावून ठेवलीय एवढंच. पुढे तेच प्रोटीन परत आलं आणि त्याने शेजारशेजारच्या दोन आयजीई एकदम पकडल्या (एक पकडून भागत नाही, जोडी लागते) की मास्ट सेल काही मिनिटांत हिस्टामाइन नावाचं रसायन ओकते, पाठोपाठ ल्युकोट्राइन्स ही दुसरी रसायनं येतात, नलिकेभोवतीचे स्नायू आवळतात, अस्तर सुजतं, चिकट कफ सुटतो आणि काही तासांनी इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी येऊन दुसरी फेरी सुरू करतात. त्यात फिजिक्स आड येतं. नळीची त्रिज्या निम्मी झाली तर अडथळा दुप्पट नाही, 16 पट होतो, कारण तो त्रिज्येच्या चौथ्या घातावर ठरतो (संथ प्रवाह धरला तर). लहान मुलाची नळी मुळातच बारीक, म्हणजे थोडी सूजही महागात पडते.

झुरळाचे हे कण मांजराच्या कणांपेक्षा जड असतात, त्यामुळे हवेत फार वेळ तरंगत नाहीत, गादीत नि फरशीवर बसतात आणि झाडलं, गादीवर उड्या मारल्या की उडतात. म्हणून झुरळासाठी महागडा एअर प्युरिफायर लावणं म्हणजे चोर गादीत नि पहारा खिडकीत. आणि ती प्लगला लावायची 'अल्ट्रासॉनिक' यंत्रं तर निव्वळ थाप आहे, झुरळं त्यांना भीक घालत नाहीत.

एक मात्र गोंधळात टाकणारी गोष्ट आहे. 2005 पासून बाल्टिमोर, बॉस्टन, न्यूयॉर्क आणि सेंट लुईसमधल्या बाळांना जन्मापासून फॉलो केलं, तर पहिल्या वर्षी ज्यांच्या घरात झुरळ, उंदीर, मांजर यांचे अंश जास्त आणि सोबत ठरावीक बॅक्टेरियाही होते त्यांच्यात पुढे घरघर कमी दिसली. म्हणजे वेळ फार महत्त्वाची असावी, अगदी सुरुवातीला शरीर ओळख करून घेतं, नंतर भांडतं. पण म्हणून कोणी मुद्दाम झुरळं पाळू नका, दमा झालेल्या मुलाला ती त्रासच देतात.

यात आईच्या स्वच्छतेला दोष देणारे लोक असतात त्यांचा मला राग येतो. जुन्या अपार्टमेंटमधे भिंती सामायिक, पाइप गळके, फटी न बुजवलेल्या, तुम्ही घर कितीही घासा, झुरळ शेजारून येणारच, आणि पाइप दुरुस्त करणं भाडेकरूच्या नाही, घरमालकाच्या हातात. 2004 साली सात शहरांतल्या 937 मुलांवरच्या प्रयोगात घरोघरी जाऊन माइट्स (धुळीतले बारीक किडे), झुरळं, सिगरेटचा धूर असं सगळं एकत्र कमी केलं तेव्हा मुलांचे त्रासाचे दिवस कमी झाले. 2017 साली न्यू ऑर्लिन्सच्या लोकांनी तर 102 मुलांच्या अभ्यासात अर्ध्या घरांत फक्त झुरळ मारायची जेल ठेवली, बाकी काही नाही, आणि तेवढ्यानेही त्या मुलांचे त्रासाचे दिवस घटले.