पाठीला गादी हवी तरी कशी?

कुशीवर झोपलेल्या माणसाकडे मागच्या बाजूने पाहा. खांदा आणि खुबा बाहेर आलेले असतात, मधली कंबर आत गेलेली असते. असा माणूस फरशीवर झोपला तर बहुतेक भार खांद्यावर आणि खुब्यावर येतो, कंबर अधांतरी राहते आणि तिला सावरण्यासाठी पाठीचे स्नायू रात्रभर राबत राहतात. मध्ये खड्डा पडलेल्या गादीवर याच्या उलट घडते. शरीराचा सर्वांत जड भाग, म्हणजे कमरेखालचा, खोल जातो आणि कणा त्याच्यामागे झुकतो. म्हणून चांगल्या गादीला एकाच वेळी दोन परस्परविरोधी कामे करावी लागतात: खांदा-खुब्याला आत वाट द्यायची आणि कमरेला खालून उचलून धरायचे. ‘कडक घेऊ की मऊ?’ या प्रश्नात यांपैकी एकच काम धरलेले असते, म्हणून तो प्रश्न मला अपुरा वाटतो.

वाट का द्यायची, हे एका सोप्या गणितातून कळते. ६० किलो वजनाच्या माणसाचा भार अर्ध्या चौरस मीटरवर अगदी सारखा पसरला, तर त्वचेवरचा दाब सुमारे ९ मिलिमीटर पारा इतका भरतो. हा दाब किरकोळ आहे. पण भार सारखा पसरतच नाही, हाडाच्या टोकांवर तो एकवटतो. युजीन लँडिस यांनी १९३० मध्ये माणसाच्या बोटातल्या केशवाहिन्यांमधला रक्तदाब मोजला, तेव्हा वाहिनीच्या सुरुवातीच्या टोकाशी तो सरासरी ३२ मिलिमीटर पारा निघाला. बाहेरचा दाब बराच वेळ याच्या वर राहिला, तर तिथला रक्तपुरवठा अडू लागतो. निरोगी माणसाच्या मेंदूला ही खबर लागते आणि तो झोपेतच कूस बदलतो. रात्रीतून कित्येकदा हे होते आणि सकाळी त्यातले काहीच आठवत नाही. ज्यांना हालता येत नाही किंवा संवेदनाच उरलेली नाही, त्यांना याच कारणाने शय्याव्रण, म्हणजे बेडसोअर होतात. त्यांच्या गादीची निवड हा वैद्यकीय निर्णय आहे आणि तो डॉक्टरांवरच सोपवावा.

आता कमरेच्या आधाराकडे वळू. ‘पाठ दुखते? कडक गादीवर झोप’ हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या दिला गेला, डॉक्टरांनीही दिला. त्याची नीट परीक्षा २००३ साली झाली. स्पेनमधले संशोधक फ्रान्सिस्को कोव्हाक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुनाट कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांना ९० दिवस नव्या गाद्यांवर झोपवले. काहींना कडक गादी मिळाली, काहींना मध्यम कडक. कोणाला कोणती मिळाली, हे ना रुग्णांना सांगितले होते ना तपासणाऱ्यांना. १ म्हणजे सर्वांत कडक आणि १० म्हणजे सर्वांत मऊ अशा युरोपीय मोजपट्टीवर एक गादी २.३ ची होती, दुसरी ५.६ ची. मध्यम गादीवाल्यांचा अंथरुणातला, उठतानाचा आणि दिवसभराचा त्रास अधिक कमी झाला. ‘द लॅन्सेट’मध्ये आलेला हा अभ्यास आजही वारंवार सांगितला जातो, पण सांगताना एक गोष्ट गाळली जाते: मऊ गादी या तुलनेत नव्हतीच. म्हणजे ‘फार कडक नको’ एवढे त्यातून निघते, ‘जितकी मऊ तितकी बरी’ असे मुळीच निघत नाही.

दुकानात सर्वांत जास्त गोंधळ होतो तो घनतेवरून. ‘हाय डेन्सिटी आहे, म्हणजे कडक आहे’ हे वाक्य सर्रास ऐकू येते आणि ते चूक आहे. घनता सांगते की एक घनमीटर फोममध्ये किती किलो माल आहे. ३० किलोचा पॉलियुरेथेन फोम घेतला तर त्यात सुमारे ९७ टक्के हवाच असते, उरलेल्या बारीक जाळीवर आपण झोपतो. ही जाळी जितकी भरीव, तितकी गादी उशिरा बसते. थोडक्यात, घनतेवरून मुख्यतः टिकाऊपणाचा अंदाज येतो. कडकपणा वेगळा मोजतात. सुमारे २० सेंटिमीटर व्यासाची गोल थाळी फोमवर ठेवून जाडी एक चतुर्थांशाने कमी होईपर्यंत दाबतात आणि त्याला किती बल लागले ते पाहतात. त्यामुळे जड पण मऊ फोम बनू शकतो, तसाच हलका पण कडकही. हा हलका-कडक फोम दुकानात छान वाटतो आणि लवकर मान टाकतो.

या चाचणीचा पुढचा टप्पा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. थाळी तशीच पुढे ६५ टक्के खोलीपर्यंत दाबतात. दुसऱ्या बलाला पहिल्या बलाने भागले की जो आकडा येतो, त्यातून कळते की फोम वर किती नरम आणि आत किती भक्कम आहे. आकडा मोठा असेल तर खांदा सहज रुततो, पण जड कंबर तळाला टेकत नाही. म्हणजेच सुरुवातीला सांगितलेली दोन्ही कामे या एका आकड्यात येतात. तो ग्राहकाला क्वचितच दाखवला जातो, पण विचारायला हरकत नाही.

वेगवेगळे प्रकार हेच कोडे वेगवेगळ्या वाटांनी सोडवतात. पॉकेट स्प्रिंगच्या गादीत प्रत्येक स्प्रिंग स्वतंत्र कापडी पिशवीत असते, त्यामुळे खांद्याखालची दबली तरी कमरेखालची तिच्यासोबत ओढली जात नाही. शेजारच्याने कूस बदलली तर हादरेही कमी पोचतात. लॅटेक्स, म्हणजे रबराचा फोम, दबते आणि हात काढताच वर येते, त्यावर वळणे सोपे जाते. मेमरी फोमचा जन्म १९६६ मध्ये अमेरिकेत नासाच्या एम्स संशोधन केंद्रासाठी झाला. चार्ल्स योस्ट यांनी तो विमानातल्या आसनांसाठी विकसित केला होता. तो मेणासारखा तापमानाला बांधलेला असतो: गार खोलीत घट्ट, अंगाच्या उबेने नरम. दाब तो उत्तम पसरवतो, पण सावकाश सावरत असल्याने कूस बदलताना थोडा जोर लावावा लागतो. शिवाय तो अंगाला बिलगतो आणि उष्णता कोंडतो. झोप लागताना शरीराला आपले आतले तापमान थोडे खाली आणायचे असते, म्हणून ज्यांना मुळातच गरम होते त्यांनी याचा नीट विचार करावा.

निवडताना बुक्की मारून किंवा काठावर बसून काहीही कळत नाही. आपण झोपतो त्याच कुशीवर, आपल्या उशीसारखी उशी घेऊन, निदान १०-१५ मिनिटे पडून राहावे आणि कोणाला तरी मागून पाहायला सांगावे. मानेपासून माकडहाडापर्यंतची रेघ साधारण सरळ दिसायला हवी. शरीर हलके असेल तर तीच गादी कडक वाटते, जड असेल तर मऊ. त्यामुळे दुसऱ्याची शिफारस आंधळेपणाने घेऊ नये.

गादी घरी आली की खरा काळ सुरू होतो आणि इथे घाईने निकाल देऊ नये. नव्या फोममधल्या काही कप्प्यांचे पातळ पडदे अजून शाबूत असतात. दबून दबून ते फुटतात आणि गादी थोडी सैल होते. मेंदूलाही वेळ लागतो. अनोळखी जागी पहिल्या रात्री झोप हलकी लागते, हे झोपेच्या प्रयोगशाळांमध्ये १९६० च्या दशकातच नोंदले गेले. २०१६ मध्ये ब्राऊन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवले की त्या रात्री गाढ झोपेतही मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागातला काही हिस्सा तुलनेने जागा असतो आणि आवाजांना चटकन प्रतिसाद देतो. ते प्रयोग नव्या जागेचे होते, घरातल्या नव्या गादीवर ते जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तरी पहिल्या रात्रीवरून गादीला दोष देऊ नये, एवढे त्यातून नक्की घ्यावे.

सकाळच्या ताठरपणाचा सगळा दोषही गादीचा नसतो. आडवे पडल्यावर मणक्यांमधल्या चकत्यांवरचा भार उतरतो आणि त्या पाणी शोषून फुगतात. म्हणूनच सकाळी आपण संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर, कधी त्याहून जास्त उंच असतो. फुगलेल्या चकत्यांना वाकणे सोसत नाही. स्टोव्हर स्नूक यांनी १९९८ साली कंबरदुखीच्या रुग्णांना सकाळी उठल्यावर पुढे वाकणे टाळायला शिकवले आणि तेवढ्यानेच त्यांच्या वेदना कमी झाल्या. गादी बदलली असो वा नसो, हे करून पाहण्यासारखे आहे.

उलट बाजूही सांगायला हवी. अमेरिकेत ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठात बर्ट जेकबसन यांनी ५९ जणांना आधी २८ रात्री त्यांच्या जुन्या गाद्यांवर आणि मग २८ रात्री नव्या, मध्यम कडक गाद्यांवर झोपवले. जुन्या गाद्या सरासरी साडेनऊ वर्षांच्या होत्या. झोप सुधारली, पाठदुखी आणि ताण कमी झाला. पण आपण नव्या गादीवर आहोत हे प्रत्येकाला ठाऊक होते, त्यामुळे फोमचा वाटा किती आणि अपेक्षेचा किती, हे या अभ्यासातून वेगळे काढता येत नाही. विक्रेते हा अभ्यास पुढे करतील तेव्हा एवढे लक्षात ठेवावे.

काही खुणा दिसल्या तर मात्र सवय होण्याची वाट पाहू नये. कुशीवर झोपल्यावर हाताला मुंग्या येत असतील, खुबा दुखून जाग येत असेल, तर गादी तुमच्यासाठी कडक आहे. उताणे झोपल्यावर कंबर खोल गेल्यासारखी वाटत असेल आणि वळताना उठून बसावेसे वाटत असेल, तर ती मऊ आहे. फक्त मान अवघडत असेल, तर आधी उशी बदलून पाहावी. नव्या गादीत खांदा जास्त रुतत असेल तर जुनी उशी उंच पडते, कमी रुतत असेल तर ठेंगणी. आणि दोन गाद्यांमध्ये मन अडलेच, तर जरा कडक वाटणारी घ्यावी: तिच्यावर दोन-चार सेंटिमीटरचा नरम थर टाकून ती सुधारता येते. फार मऊ गादीखाली फळी सरकवून हे साधत नाही, कारण शरीर तळापाशी नाही, वरच्या थरातच बुडालेले असते.