कॅव्हिटेशन-प्लाझ्मा जलशुद्धीकरण

पाण्यातले जंतू मारायची आणि विरघळलेली सेंद्रिय घाण मोडायची एक पद्धत, यात वरून औषध काही टाकत नाहीत, बुडबुडे आणि वीज यांच्यावरच काम चालतं.

कॅव्हिटेशन कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला चांगलं ओळखीचं आहे, नाव माहीत नसेल एवढंच. उन्हाळ्यात नदी खाली जाते, फूटव्हॉल्व्हच्या जाळीत कचरा अडकतो आणि पंपात खडे फिरल्यासारखा आवाज सुरू होतो, खोलून बघावं तर इंपेलरला (पंपातल्या फिरत्या चाकाला) बारीक बारीक खड्डे पडलेले. सक्शनला दाब एवढा पडतो की पाणी गार असतानाच उकळतं (25 अंशाला वातावरणाच्या साधारण 3 टक्के दाब झाला की पुरे), वाफेचे बुडबुडे धरतात आणि पुढे दाब वाढला की आतल्या आत कोसळतात. या कोसळण्याचं गणित लॉर्ड रॅले यांनी 1917 मध्ये मांडलं. त्या क्षणी बुडबुड्यात काही हजार अंश तापमान आणि शेकडो वातावरणांचा दाब होतो, पाण्याचा रेणू तुटतो आणि हायड्रॉक्सिल रॅडिकल (रेणूचे फार आक्रमक तुकडे) सुटतात, जे जंतूच्या कवचापासून रंगापर्यंत सगळ्यावर तुटून पडतात.

पंपाचा हा रोग मुद्दाम घडवायचा तर पाइपचा गळा आवळायचा. तासगावकडं द्राक्षबागेत ठिबकमधून खत सोडायला व्हेंचुरी लावतात, तत्त्व तेच, फक्त वेग जास्त. मुंबईच्या आयसीटीत (रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत) यावर बरीच वर्षं काम झालंय, पुण्याच्या एनसीएलनं (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं) व्होर्टेक्स डायोड, म्हणजे पाण्याला भोवऱ्यासारखं फिरवणारं भांडं, वापरून 'स्वस्तिक' नावाचं तंत्र काढलं, त्यात जोडीला वनस्पतींचं तेल असतं.

आता दुसरा अर्धा भाग, प्लाझ्मा. कोल्ड प्लाझ्मा म्हणजे हाय व्होल्टेजनं वायूतले इलेक्ट्रॉन तापवायचे पण वायू गारच ठेवायचा. जर्मनीच्या वेर्नर फॉन सीमेन्सनी 1857 मध्ये ओझोन बनवायला हेच वापरलं होतं. यातून ओझोन, हायड्रोजन पेरॉक्साइड, अतिनील किरण असं सगळंच निघतं. अडचण अशी की पाण्यात थेट डिस्चार्ज (विजेची ठिणगी) पेटवायला व्होल्टेज फार लागतं, आणि इथंच दोघांची जोडी जमते, कारण कॅव्हिटेशनच्या ढगात आयती कमी दाबाची वाफ असते आणि डिस्चार्ज तिच्यात कमी व्होल्टेजवर पेटतो. चेक प्रजासत्ताकात ब्रनोच्या संशोधकांनी यावरच कॅव्हिप्लाझ्मा नावाचं तंत्र उभं केलंय.

म्हणून सांगलीतल्या गावांनी टीसीएल पावडर (क्लोरीनची जंतुनाशक पावडर) वापरायची बंद करावी का? तर नाही. पाणी टाकीतून घरापर्यंत जाताना 2019 च्या महापुरासारख्या वेळी फुटक्या पाइपात पुन्हा घाण शिरते आणि रॅडिकल तर सेकंदाच्या बारीक अंशातच संपलेले असतात, पाठीमागं राखण करायला भरवशाचं काही उरत नाही. क्लोरीन उरतो. जलसुरक्षक शेवटच्या नळाचं पाणी नळीत घेऊन ओटीचे (ऑर्थोटोलिडिन, क्लोरीन तपासायचं रसायन) थेंब टाकतो आणि पिवळा रंग आला की खूश होतो, तो याच उरलेल्या क्लोरीनवर (लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम लागतो). शिवाय पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी आणि फिल्टर हवाच, क्षार तर यानं जातच नाहीत, आणि लाइट गेली की सगळं बंद.

आपल्या भागात याचा खरा उपयोग पिण्याच्या पाण्यापेक्षा डिस्टिलरीच्या स्पेंटवॉशला (दारू-अल्कोहोल काढून उरलेल्या सांडपाण्याला) होईल असं वाटतं. बायोगॅस काढून झाल्यावरही त्याचा तपकिरी रंग जात नाही, जिवाणूंना तो पचत नाही, तिथं कॅव्हिटेशननं मोठे रेणू आधी तोडून मग जिवाणूंकडं द्यायचे, असे प्रयोग भारतात झालेत.