जुना पीसी, हलकं लिनक्स आणि गेम्स: पार्श्वभूमी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप हवी, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीच्या आधीचा असेल तर ते अधिकृतपणे दारातही उभं करत नाही. त्यामुळे धडधाकट असून बाद ठरलेल्या पीसीवर हलकं लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी, कमी रॅम खाणारी मोफत प्रणाली) टाका आणि गेम खेळा, असा सल्ला हल्ली जो तो देतो. पण हलकं लिनक्स आणि लिनक्सवरचे गेम या मुळात दोन वेगळ्या वाटा.

पहिली वाट काटकसरीची. एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप १९९६ मध्ये सुरू झाला. बॅरी कॉलर यांचं पपी लिनक्स २००३ चं, ते तर अख्खंच्या अख्खं रॅममध्ये बसायचं. २००६ मध्ये एलएक्सडीई हा तसाच हलका डेस्कटॉप आला आणि त्यावर पुढे लुबुंटू हे हलकं लिनक्स उभं राहिलं. जुन्या मशीनवर ब्राउझर आणि टायपिंग चाललं की या मंडळींचं काम झालं. गेम म्हणजे फार तर पत्ते.

दुसरी वाट जास्त खडतर. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं वाइन १९९३ मध्ये सुरू झालं, आणि त्याची १.० आवृत्ती यायला २००८ उजाडलं! मधल्या काळात लोकी सॉफ्टवेअरने गेम लिनक्सवर आणून विकून पाहिले; २००२ मध्ये कंपनी बंद पडली. २०१२ मध्ये विंडोज ८ ची चाहूल लागताच व्हॉल्व या गेम कंपनीचे प्रमुख गेब न्यूएल धास्तावले आणि पुढच्याच वर्षी त्यांचं गेमचं ऑनलाइन दुकान, स्टीम, लिनक्सवर आलं. लिनक्सवर चालणारे २०१५ चे गेमिंग पीसी, स्टीम मशीन, मात्र साफ आपटले.

खरं वळण दिलं एका हौशी माणसाने. फिलिप रेबोले यांना ‘नीअर: ऑटोमाटा’ लिनक्सवर खेळायचा होता, म्हणून त्यांनी डीएक्सव्हीके लिहायला घेतलं. विंडोजच्या डायरेक्टएक्स या ग्राफिक्स-भाषेतल्या सूचना ते लिनक्सवरही चालणाऱ्या व्हल्कन या ग्राफिक्स-भाषेत उतरवतं. व्हॉल्वने ते वाइनला जोडलं आणि ऑगस्ट २०१८ मध्ये स्टीमवरचे विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं प्रोटॉन बाहेर आलं.

जुन्या पीसीची गोची इथेच होते. हलका डेस्कटॉप रॅम वाचवतो, ग्राफिक्स कार्डाचं वय कमी करत नाही. एनव्हिडियाच्या फर्मी या जुन्या पिढीच्या कार्डांना व्हल्कन नाहीच. त्यानंतरच्या केपलर पिढीचा अधिकृत ड्रायव्हर व्हल्कन १.२ वर थांबला, आणि नोव्हेंबर २०२२ च्या डीएक्सव्हीके २.० ला १.३ लागतं. सगळी सोंगं आणता येतात, व्हल्कनचं आणता येत नाही. म्हणजे लव्हापाइप नावाचा ड्रायव्हर ते प्रोसेसरकडून वठवून घेतो, पण गेम मुंगीच्या पावलांनी सरकतो! केपलरवर डीएक्सव्हीकेची १.१० मालिका किंवा वाइनचा ओपनजीएल या जुन्या ग्राफिक्स-भाषेचा मार्ग एवढंच उरतं; फर्मीवर तर फक्त ओपनजीएल. त्या मानाने एएमडीची एचडी ७७०० आणि त्यापुढची जीसीएन रचनेची कार्डं नशीबवान. मेसा या मुक्त प्रकल्पाच्या ड्रायव्हरांनी त्यांना अजून वाऱ्यावर सोडलेलं नाही.

डॉसबॉक्स आणि स्कमव्हीएम या जुने गेम चालवून देणाऱ्या प्रोग्रामांवरच्या नव्वदच्या दशकातल्या गेमना मात्र यातलं काहीच लागत नाही. ते पपीवरही चालतात.