भरड, बारीक की नकोच? रीफ टँकमधल्या वाळूची गोष्ट

रीफ टँक, म्हणजे जिवंत पोवळी वाढवायची खाऱ्या पाण्याची टाकी, मांडायला घेतला की पहिला वाद वाळूवरून होतो. एक जण सांगतो, चार इंच बारीक वाळू घाल. दुसरा म्हणतो, बोटभर पुरे. तिसऱ्याच्या मते तळ मोकळाच बरा. पंचाईत अशी की तिघांच्याही टाक्यांत पोवळी छान वाढलेली असतात. मला वाटतं, हे सल्ले मुळात एका काळातले नाहीतच. त्या त्या वेळी जो फिल्टर चलतीत होता, त्याला सोयीची ती वाळू. पुढे फिल्टर माळ्यावर गेला आणि सल्ला तेवढा तोंडातोंडी उरला.

सुरुवात अंडरग्रॅव्हल फिल्टरपासून करू. १९५०-६०च्या दशकात घरातल्या टाकीत हाच असायचा. तळाशी भोकांची प्लॅस्टिकची जाळी, कोपऱ्यात उभी नळी, नळीत हवेचे बुडबुडे. बुडबुड्यांबरोबर पाणी वर चढतं आणि त्याची जागा घ्यायला वरचं पाणी खडीतून खाली झिरपतं. खडीवर वाढलेले जिवाणू माशांच्या मलमूत्रातल्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पाणी झिरपायचं तर खडी भरड हवी. बारीक वाळू जाळीतून खाली गळते नाहीतर गच्च बसते. शिवाय जिवाणूंच्या या कामात आम्ल तयार होतं. त्यावर उतारा म्हणून खडी चुन्याच्या जातीची घ्यायची: पोवळ्यांचा चुरा, कालवांच्या शिंपल्यांचे तुकडे, डोलोमाइट. ‘वाळू पीएच सांभाळते’ हे वाक्य इथलं आहे आणि आजही पिशव्यांवर छापून येतं. त्यात तथ्य थोडं आहे. समुद्राच्या पाण्याचा पीएच आठच्या थोडा वर असतो आणि तिथे पोवळ्यांच्या वाळूतलं चुन्याचं खनिज, म्हणजे अ‍ॅरागोनाइट जवळजवळ विरघळतच नाही. जे काही विरघळतं ते थराच्या आत, जिथे कार्बन डायऑक्साइड साठून पाणी आम्लाकडे झुकतं तिथे. पोवळ्यांची कॅल्शियमची भूक त्यावर भागत नाही.

१९६१ साली जकार्ताच्या ली चिन एंग यांनी अमेरिकेतल्या एका मत्स्यपालन मासिकात आपली पद्धत मांडली. समुद्रातून आणलेले जिवंत दगड (म्हणजे जिवाणू आणि बारीक जीव वस्तीला असलेले), समुद्राचंच पाणी आणि हवेचे थोडे बुडबुडे, बस्स. ज्यांच्या दारात समुद्र नव्हता त्यांना ते जमणारं नव्हतं. पण दगड हाच फिल्टर ही कल्पना टिकली. पुढे जर्मन छंदिष्टांनी तिला प्रोटीन स्किमरची, म्हणजे पाण्यातली घाण फेसाबरोबर बाहेर काढणाऱ्या उपकरणाची, जोड दिली आणि बर्लिन पद्धत रूढ झाली. गाळण्याचं काम दगड आणि स्किमर करू लागल्यावर वाळूला कामच उरलं नाही. पातळ थर नाहीतर उघडी काच, हा सल्ला इथून आला.

वाळूला पुन्हा कामाला लावलं ते फ्रान्समधल्या नीसचे प्राध्यापक जाँ जोबेर यांनी. १९८०च्या दशकात त्यांनी तळाशी पाण्याची एक मोकळी पोकळी ठेवली, तिच्यावर जाळी आणि जाळीवर भरड प्रवाळ-वाळूचा जाड थर. पोकळीला नाव प्लेनम. थरात खाली ऑक्सिजन कमी होत जातो आणि तिथले जिवाणू नायट्रेटचा वायू करून टाकतात. मोनॅकोच्या मत्स्यालयात या पद्धतीने पोवळी वाढली आणि प्लेनमची लाट आली. मग १९९०च्या दशकाच्या अखेरीस अपृष्ठवंशी प्राण्यांचे अभ्यासक रॉन शिमेक यांनी नेमकं उलट सांगितलं. पोकळी नको, भरड तर मुळीच नको. पिठासारख्या बारीक वाळूचा चार इंचांहून जाड थर घ्या आणि त्यात किडे-गोगलगायी नांदू द्या. वाळू उकरायचं काम त्यांचं.

एवढी वाळू आणायची कुठून? उत्तम माल बहामाचा. तिथल्या उथळ, उबदार पाण्यात अ‍ॅरागोनाइटचे गोल दाणे तयार होतात. संक्रांतीचा हलवा करताना खसखशीच्या दाण्यावर पाक चढत जातो ना, तसंच हे: लाटांनी कण लोळत राहतो आणि त्याच्यावर चुन्याचं पूट बसत जातं. हलव्याला काटा येतो, हे दाणे मात्र गुळगुळीत राहतात. बिमिनीजवळ ओशन के नावाचं कृत्रिम बेट या वाळूच्या उपशासाठीच उभारलं होतं. आता तिथे क्रूझचे प्रवासी उतरतात. पिशवीबंद वाळू महाग पडायची. अशात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर बांधकाम-सामानाच्या दुकानांतून लहान मुलांच्या खेळासाठी विकली जाणारी ‘साउथडाउन’ वाळू कॅरिबियन अ‍ॅरागोनाइट निघाली. किंमत नगण्य. ती गोणी-गोणीने खपू लागली आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे लोक हात चोळत बसले. जाड थर इतका पसरला त्यात विज्ञानाइतकाच या स्वस्ताईचा हात होता, असं माझं मत.

पुढे तक्रारी सुरू झाल्या. थरात घाण साठते, किडे मरत जातात. ढवळलं तर सडक्या अंड्याचा वास येतो, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. जोरदार प्रवाहाचे पंप आले तशी बारीक वाळू उडून पोवळ्यांवर बसू लागली आणि बरेच जण परत मोकळ्या काचेकडे वळले.

वाळू चुन्याची की सिलिकाची हे पाहायला व्हिनेगरचा थेंब टाकतात. फसफसली तर चुन्याची. मी यात फसलोय. पहिल्या टाकीसाठी ‘कोरल सँड’ म्हणून आणलेली पिशवी मस्त फसफसली. भिंगाखाली पाहिलं तर सगळे कण कोनेदार, शिंपल्याचा एक तुकडा नाही. फरशीकामातली संगमरवराची भुकटी होती. संगमरवरही चुन्याचाच, फसफसणारच.

कोकणातून पिशवी भरून आणू का, हा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो. नको. आपल्या किनाऱ्यांवर गारेचे, म्हणजे सिलिकाचे, कण भरपूर, आणि रत्नागिरीकडे त्यात इल्मेनाइट या लोह-टायटॅनियमच्या खनिजाची काळी रेघ. तिच्यातले लोहयुक्त कण काच पुसायच्या चुंबकाला चिकटले की काचेवर ओरखडे. किनाऱ्यावरच्या वाळूउपशावर सीआरझेडचे (किनारपट्टी नियमन क्षेत्राचे) निर्बंध आहेत ते वेगळेच. पोवळ्यांचे तुकडे तर उचलूच नका. रीफ बांधणारी पोवळी २००१ मध्ये वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेली.

छोट्या टाकीत मात्र निम्मा वाद आपोआप मिटतो. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत चार इंचांचा थर म्हणजे तिसरा हिस्सा वाळूतच गेला. तिथे नायट्रेट कमी करायला दर आठवड्याला बादलीभर पाणी बदलणं सोपं. मी एक-दीड इंच घालतो, एक ते दोन मिलिमीटरचे दाणे, साधारण सात ते अकरा किलो. पिस्तूल कोळंबी आणि तिच्याच बिळात राहणारा गोबी मासा अशी जोडी ठेवायची असेल तर बिळाला आधार म्हणून त्यात थोडे मोठे तुकडे मिसळायचे. ही कोळंबी रात्रंदिवस उकरते आणि वाळूवर ठेवलेला दगड हमखास कलंडतो. म्हणून दगड आधी थेट काचेवर टेकवायचे आणि वाळू मागाहून त्यांच्याभोवती ओतायची.