मूर्तिपूजा, आधुनिक (ख्रिस्ती धर्मविचार)

ख्रिस्ती धर्मविचारात मूर्तिपूजा म्हणजे केवळ घडीव प्रतिमेला केलेले नमन नव्हे. जो भरवसा, जे प्रेम आणि जे आज्ञापालन एकट्या देवाचे, ते त्याने निर्मिलेल्या वस्तूला, व्यक्तीला किंवा एखाद्या कल्पनेला देणे, असा तिचा व्यापक अर्थ आहे. हा अर्थ आधुनिकांनी शोधलेला नाही. बायबलमध्ये यहेज्केल संदेष्टा मूर्ती हृदयात बसवणाऱ्या वडीलधाऱ्यांविषयी बोलतो (१४:३), येशू धनाला देवाशी स्पर्धा करणारा मालक ठरवतो (मत्तय ६:२४) आणि प्रेषित पौल लोभालाच मूर्तिपूजा म्हणतो (कलस्सै ३:५). मन ज्याला चिकटते व ज्यावर विसंबते तोच माणसाचा खरा देव, असे प्रोटेस्टंट धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने १५२९ मध्ये लिहिले. दुसरा प्रोटेस्टंट सुधारक जॉन कॅल्विन याला मानवी मन मूर्तींचा अखंड चालणारा कारखाना वाटले. कॅथलिक चर्चच्या १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात सत्ता, सुख, वंश, राज्यसंस्था आणि पैसा यांचा या संदर्भात नावानिशी उल्लेख आहे.

अशी मूर्ती ओळखणे अवघड असते, कारण ती बहुधा मुळात चांगली गोष्ट असते: अपत्य, काम, आरोग्य, समाजातले नाव. प्राचीन ख्रिस्ती विचारवंत संत ऑगस्टीनच्या विवेचनानुसार दोष प्रेमात नसून प्रेमांच्या बिघडलेल्या क्रमात असतो. म्हणून ती गोष्ट किती आवडते यापेक्षा ती हातची जाऊ लागली की काय होते, हे पाहणे उपयोगी ठरते. मुलाला परीक्षेत अपयश आले आणि आईवडिलांना आपले जगणेच निरर्थक वाटू लागले, किंवा नोकरी टिकवण्यासाठी खोटे बोलताना मन कचरेनासे झाले, तर तेथे शोध घ्यावा. मात्र प्रत्येक छंदाला किंवा फोन पाहण्याच्या प्रत्येक सवयीला हे नाव दिले, तर शब्दाची धारच जाते.

सर्वांत दुर्लक्षित मूर्ती धार्मिक असते. इस्राएली लोकांचा पुढारी मोशे याने देवाच्याच आज्ञेने केलेला पितळी सर्प (गणना २१) पुढे धूप जाळण्याचा विषय झाला, आणि हिज्कीया राजाने तो फोडून टाकला (२ राजे १८:४). उपासनेची आवडती पद्धत, मंडळीतले पद, आपल्या मताचा अचूकपणा, एवढेच काय, सेवाकार्यही याच वाटेने जाऊ शकते. आणि ते देवाच्या नावाने चाललेले असल्यामुळे त्याला कोणी हटकत नाही. प्रतिमांच्या वापराबाबत चर्चमध्ये मतभेद आहेत. नायसिया येथील चर्चच्या दुसऱ्या परिषदेने (७८७) प्रतिमांना दिला जाणारा आदर आणि केवळ देवाची आराधना यांत भेद केला, तर कॅल्विनच्या परंपरेने उपासनेतील प्रतिमाच नाकारल्या. हृदयातील मूर्तीविषयी मात्र दोन्ही बाजूंची भाषा बरीच जुळते.

सर्प फोडता आला. अपत्य किंवा उपजीविका तशी फोडून टाकता येत नाही. त्यामुळे पापकबुली, उपवास, गुप्त दान आणि विसाव्याचा दिवस या जुन्याच आचारांचा आधार घेतला जातो. त्यांत हातातली गोष्ट काही काळ सोडावी लागते, आणि मुठीची पकड किती घट्ट होती हे बहुधा तेव्हाच कळते.