न्यायाधीशाच्या आधी आपण बोलायचे

नवी पेठेत आमच्या शेजारी लातूरहून आलेला एक मुलगा राहतो. दिवसभर अभ्यासिकेत असतो, रात्री कॉट बेसिसच्या खोलीत. कॉटशेजारच्या भिंतीवर इंग्रजी शब्दांची यादी लावलेली. त्यातला ‘सस्टेन’, म्हणजे टिकवून धरणे, त्याने कितीदा घोकला, तरी ऐनवेळी आठवायचा नाही. मग एका रात्री मोबाइलवर कोर्टाची इंग्रजी मालिका बघताना एक वकील ताडकन उठला, ‘ऑब्जेक्शन!’ न्यायाधीशबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, ‘सस्टेन्ड.’ समोरच्या वकिलाला प्रश्न गिळावा लागला. हरकत मान्य झाली, हे कुणी सांगावे लागले नाही. भिंतीवरच्या अर्थात ही छटा नव्हतीच.

निरर्थक अक्षरे पाठ करून जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःचीच स्मरणशक्ती मोजली होती, १८८५ साली ते निष्कर्ष छापले. पाठ केलेले पहिल्या तासाभरातच झपाट्याने विरते, असे त्यांना दिसले. सुट्या शब्दाचे असेच होते, कारण त्याला धरायला काही नसते. प्रसंगातल्या शब्दाला मात्र चेहरा, आवाज, जागा असते. मेंदूतला हिप्पोकॅम्पस हे सगळे एकत्र बांधतो, आणि प्रसंगात ताण असेल तर शेजारचा अमिग्डाला ती गाठ आणखी घट्ट करतो. पुढे चष्म्यावरून बघणारी ती नजर आठवली, की शब्दही मागोमाग येतो.

मालिका बघताना पडद्याखाली दिसणारी अक्षरे, म्हणजे सबटायटल्स, कोणत्या भाषेत हवीत? माझे मत ठाम आहे: इंग्रजीतच. होल्गर मिटरर आणि जेम्स मॅक्वीन यांनी २००९ मध्ये डच लोकांना अनोळखी उच्चारांचे इंग्रजी कार्यक्रम दाखवले. इंग्रजी सबटायटल्स वाचणाऱ्यांचा कान त्या उच्चारांना सरावला. डच वाचणाऱ्यांना नवी वाक्ये ऐकताना उलट तोटाच झाला. हा प्रयोग उच्चारांचा होता, शब्दसंग्रहाचा नव्हे. पण मराठी ओळ समोर असली की आपलाही कान सुस्तावतो, हे मी घरी रोज बघते.

नुसते बघत राहिल्यानेही भागत नाही. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवले, की पुन्हा वाचण्यापेक्षा न बघता आठवून काढलेले आठवड्यानंतर जास्त टिकते. म्हणून मी त्या मुलाला सांगितले: दुसऱ्या दिवशी तोच प्रसंग लाव, वकील उठला की थांबव, आणि न्यायाधीशबाईंच्या आधी तू बोल.